१८४० चा रुपया कोणत्या सालचा?

लक्ष्मीपूजनाच्या ताटात ठेवायचा चांदीचा रुपया महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत अजून जपून ठेवलेला असतो. घरची मंडळी त्याला राणीछाप म्हणतात. त्याच्या मागच्या बाजूला पानांचा हार, हारात इंग्रजी आणि फारसीत ‘एक रुपया’, भोवती ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि खाली साल असतं : १८४०. ते वाचून घरात सांगितलं जातं की हा रुपया १८४० सालचा. नाण्यांचा अभ्यास करणारा माणूस मात्र तिथे थांबत नाही. हा रुपया १८४० मध्ये घडवलेला असू शकतो, १८४८ मध्ये किंवा १८५७ च्या धामधुमीतही असू शकतो. कंपनीचं राज्य संपून कारभार राणीच्या हाती गेल्यानंतरचाही असू शकतो. १८६२ मध्ये नवी नाणी येईपर्यंत टांकसाळींनी रुपयावरचं साल बदललंच नाही.

जुन्या भारतीय नाण्यांवरचं साल आणि नाणं घडल्याचं साल या बऱ्याचदा दोन वेगळ्या गोष्टी असतात. पहिलं साल कोणालाही वाचता येतं. दुसरं शोधण्यासाठी नाण्यावरच्या बारीकसारीक खुणा बघाव्या लागतात. माझ्या मते नाणी जमवण्यातला खरा अभ्यास इथेच सुरू होतो.

टांकसाळीने जुनंच साल वर्षानुवर्षं का छापावं? त्यामागे निष्काळजीपणा नव्हता, सराफांचा बट्टा होता. मोगल काळापासून नाण्यावर हिजरी सन आणि बादशहाच्या कारकिर्दीचं वर्ष, म्हणजे जुलूस, घालायची रीत होती. चालू वर्षाचा रुपया पूर्ण किमतीला चाले. वर्ष उलटलं की तोच रुपया जुना ठरे आणि त्याची किंमत कापली जाई. बंगालमध्ये दुसऱ्या वर्षी शेकडा ३ आणि तिसऱ्या वर्षापासून शेकडा ५ असा बट्टा पडे. चांदी तेवढीच, वजनही जवळपास तेवढंच, पण नुसतं साल मागे पडलं म्हणून रयतेचं नुकसान आणि सराफाचा फायदा. शेतसारा भरताना कुळाच्या हातातल्या रुपयाचं साल जुनं निघालं की त्याचा घाटा ठरलेलाच. त्यावर कंपनीने साधा उपाय काढला. साल गोठवून टाकलं. सगळ्याच नाण्यांवर एकच साल असलं तर नवं कुठलं आणि जुनं कुठलं हे सराफ कशावरून ठरवणार?

म्हणून बंगालच्या मुर्शिदाबादी रुपयावर मोगल बादशहा दुसऱ्या शाह आलमच्या कारकिर्दीचं १९ वं वर्ष कायम झालं आणि पुढे कित्येक दशकं तेच छापलं गेलं. हे नाणं ‘१९ सन सिक्का’ म्हणून ओळखलं जाई. आपल्या बाजूला सुरती रुपया चाले. त्यावर हिजरी १२१५ आणि जुलूस ४६ अशी दोन सालं आढळतात, आणि गंमत म्हणजे ती एकमेकांशी जुळत नाहीत. शाह आलम गादीवर आला तो हिजरी ११७३ मध्ये. त्या हिशेबाने त्याचं ४६ वं वर्ष हिजरी १२१८ च्या सुमारास येतं, १२१५ मध्ये नाही. १२१५ म्हणजे इसवी सन १८००, आणि त्याच वर्षी सुरतेचा कारभार कंपनीने आपल्याकडे घेतला. ही जोडी पुढे मुंबईच्या टांकसाळीत वाफेच्या यंत्रावर घडलेल्या रुपयांवरही तशीच राहिली. शाह आलम १८०६ मध्ये वारला, तरी त्याच्या ४६ व्या वर्षाचे रुपये १८३० नंतरही बाजारात नव्याने येत होते.

हिजरी सनाचा इसवी सन काढायची तोंडी रीत जवळ असावी. हिजरी आकड्याला ३३ ने भागायचं, आलेला भागाकार मूळ आकड्यातून वजा करायचा आणि ६२२ मिळवायचे. १२१५ ला ३३ ने भागलं की साधारण ३७ येतात. ते वजा केले की ११७८, त्यात ६२२ मिळवले की १८००. एखाद्या वर्षाचा फरक पडतो, पण नाणं हातात असताना तेवढं पुरतं. पुण्याच्या अंकुशी रुपयावर फसली, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशेबाचं, साल येतं. तिथे ५९० मिळवायचे. फसली १२३० म्हणजे १८२० च्या आसपास. पेशवाई संपून दोन वर्षं झाल्यावरही पुण्यात अंकुशाच्या खुणेचा रुपया पडत होता, हे या सालांवरूनच कळतं. तांब्याच्या शिवराईवर तर सालच नसतं. तिथे ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ या अक्षरांची वळणं, ‘शिव’, ‘शीव’, ‘सीव’ अशी लेखनातली तफावत आणि मजकुरामधल्या रेघा एवढ्यावरच आधी-नंतरचा अंदाज बांधावा लागतो. तो विषय एवढा मोठा आहे की त्यासाठी वेगळा लेखच हवा.

१८३५ च्या कायद्याने सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एकच रुपया ठरला. वजन १८० ग्रेन म्हणजे ११.६६ ग्रॅम, एक तोळा. त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. बादशहाचं नाव गेलं आणि चौथ्या विल्यमचा मुखवटा आला. फारसी मजकूर ‘एक रुपया’ एवढ्यापुरताच उरला. सालासाठी १८३५ हा इंग्रजी आकडा आला, पण गोठवलेल्या सालाची सवय मात्र गेली नाही. १८४० पर्यंत हेच साल छापलं गेलं. यातला आधीचा रुपया कुठला आणि नंतरचा कुठला हे ओळखायला राजाच्या मानेचा कापलेला भाग भिंगातून बघायचा. तिथे काही नाण्यांवर ‘आर. एस.’ ही आद्याक्षरं असतात आणि काहींवर फक्त ‘एफ’. पहिली कलकत्ता टांकसाळीचे प्रमुख रॉबर्ट सॉन्डर्स यांची, दुसरं विल्यम नेर्न फोर्ब्ज यांचं. सॉन्डर्स यांची कारकीर्द १८३६ मध्ये संपली आणि त्यांची जागा फोर्ब्ज यांनी घेतली. म्हणजे ‘एफ’ असलेल्या रुपयावर १८३५ छापलेलं असलं तरी तो त्यानंतरचा. एका अक्षरावरून कालक्रम लागतो.

आता पुन्हा घरातल्या १८४० कडे येऊ. राणीची बाजू वर करून तिच्या डोक्याभोवतीचा इंग्रजी मजकूर बघा. ‘व्हिक्टोरिया क्वीन’ हे शब्द डोक्यावरून एका सलग कमानीत गेले असतील तर तो पहिला प्रकार. ‘व्हिक्टोरिया’ एका बाजूला, ‘क्वीन’ दुसऱ्या बाजूला आणि मध्ये डोकं आलं असेल तर तो दुसरा प्रकार. सलग मजकूर आधीचा. दुभंगलेला मजकूर १८५० च्या सुमारास आला आणि १८६२ पर्यंत चालला. भिंग न लावताही एवढा फरक दिसतो, आणि एका नजरेत रुपयाचं वय दहा वर्षांनी मागेपुढे होतं. पुढच्या तपासाला भिंग लागतं. मागच्या हारातली फळं मोजायची. पानांच्या मध्ये बारीक मण्यांसारखी फळं असतात. त्यांची संख्या ठशागणिक बदलते, १९ पासून ३५ पर्यंत. राणीच्या मानेखाली मुखवटा कोरणाऱ्या विल्यम वायन याची ‘डब्ल्यू. डब्ल्यू.’ ही आद्याक्षरं कधी उठावदार असतात, कधी खोल कोरलेली. आद्याक्षरं कशी आहेत आणि फळं किती आहेत याची जोडी लावली की रुपया नेमक्या प्रकारात बसतो. हे जुळवणं फ्रेड प्रिडमोर यांनी आयुष्यभर केलं आणि पुढे पॉल स्टीव्हन्स व रँडी वीअर यांनी १८३५ ते १९४७ च्या नाण्यांवरच्या ग्रंथात ते अधिक बारकाईने मांडलं. सूची हातात असली तरी फळं शेवटी आपल्यालाच मोजावी लागतात. झिजलेल्या नाण्यावर ती नीट मोजता येत नसतील, तर आकडा ठोकून देण्याऐवजी प्रकार मोकळा सोडलेला बरा.

१८६२ च्या रुपयात ही कला सगळ्यात रंगते. कंपनीचं नाव गेलं, त्या जागी ‘इंडिया’ आलं, राणी मुकुट आणि नक्षीदार पोशाखात दिसू लागली. सालही नवं आलं, पण तेही गोठलं. १८७४ पर्यंत रुपयावर १८६२ च छापलं जात होतं. यात मुंबईच्या टांकसाळीने एक शांत खूण सुरू केली. सालाच्या खाली, किंवा सालाच्या वर मजकुराच्या शेवटी, किंवा दोन्हीकडे बारीक ठिपके. कुठे एक, कुठे दोन, कुठे त्याहून जास्त. गिऱ्हाइकाला ते नक्षीचा भाग वाटत. आतल्या माणसाला मात्र त्यावरून कुठल्या खेपेचं काम ते समजत असावं. अभ्यासक या ठिपक्यांचा संबंध १८६२ नंतरच्या वर्षांशी लावतात. सराफाला दिसू नये म्हणून साल लपवलं, आणि टांकसाळीला स्वतःला दिसावं म्हणून ते ठिपक्यांत ठेवलं, अशी ही रचना. म्हणून १८६२ चा रुपया नोंदवताना संग्राहक ‘वर इतके, खाली इतके’ असं लिहितात.

ठिपके मोजणं सोपं वाटतं, पण चुका होतात त्या इथेच. ठशावर मजकूर उलटा आणि खोल असतो, म्हणून नाण्यावर तो सुलटा आणि उठावदार उमटतो. ठशात टोचलेला खरा ठिपका नाण्यावर फुगीर आणि गोल दिसलाच पाहिजे. ठिपक्याच्या जागी खळगा असेल तर तो मार लागल्याचा, खुणेचा नाही. वापरून वापरून ठशाचा टवका उडाला की तिथेही फुगवटा येतो. मात्र त्याची कड वेडीवाकडी असते, आणि तो सालाच्या मध्यरेषेवर न येता कुठेही येतो. काळ्या मळाचा कण अंकाला चिकटला तर तोही ठिपका वाटतो. त्यासाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्यावं आणि उजेड समोरून न टाकता बाजूने, जवळजवळ आडवा टाकावा. नाणं हळूहळू फिरवलं की उठावाची सावली बाहेर पडते आणि खळग्याची सावली आतच राहते. फरक लगेच कळतो. मोबाइलच्या फोटोवरून ठिपके मोजू नयेत. फोटोत खळगा आणि फुगवटा सहज एकमेकांची जागा घेतात.

मागच्या नक्षीतलं वरचं फूलही बघावं. काही १८६२ च्या रुपयांवर ते मोठं असतं आणि त्याच्या दोन मोठ्या पाकळ्या लांब, खाली वळलेल्या असतात. दुसऱ्या प्रकारात फूल लहान आणि पाकळ्या आखूड, आडव्या असतात. राणीच्या पोशाखाच्या नक्षीतही असेच भेद आहेत. फूल, पोशाख आणि ठिपके या तीन गोष्टी एकत्र धरल्या की एका १८६२ या आकड्याखाली नाण्यांचं मोठं कुटुंब उभं राहतं. कुठलंही एकच लक्षण धरून निकाल देणारा व्यापारी असेल तर त्याच्याकडून घाईने नाणं घेऊ नये.

१८७४ पासून दरवर्षीचं साल छापायला सुरुवात झाली आणि १८७७ पासून ‘क्वीन’ची ‘एम्प्रेस’ झाली. आता सालावर भरवसा ठेवता येतो, पण साल एक आणि टांकसाळी अनेक ही नवी बाब आली. मुंबईच्या रुपयावर सालाखालच्या फुलात ‘बी’ हे अक्षर कधी उठावदार, कधी खोल येतं. कलकत्त्याच्या पुष्कळ नाण्यांवर अक्षरच नसतं. पंचम जॉर्जच्या काळात मुंबईची खूण म्हणून सालाखालच्या कमळाजवळ ठिपका आला. विक्रेत्याने साल सांगितलं की टांकसाळ विचारावी. ती सांगता आली नाही तर किमतीची बोलणी पुढे नेऊ नये.

साल नेमकं असलं म्हणजे किंमत त्या सालावर चढते, आणि किंमत चढली की सालात फेरफार होतो. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया त्याच्या पोशाखावरच्या हत्तीसाठी गाजला. साखळीतल्या त्या छोट्या हत्तीची सोंड आखूड पडली. लोकांना तो डुकरासारखा दिसला आणि ओरड झाली. घडवलेल्या सुमारे ९४ लाख रुपयांपैकी सुमारे ७ लाखच बाजारात गेले, बाकीचे परत वितळवले, आणि १९१२ मध्ये हत्ती सुधारला. इथे साल न वाचता हत्तीवरूनही रुपया ओळखता येतो. त्यामुळे कुणी १९१२ चा शेवटचा अंक खोडून १९११ केला तरी हत्ती त्याला साथ देत नाही.

१९३९ ला असा हत्ती नाही. सहाव्या जॉर्जचा मुंबईत पडलेला १९३९ चा रुपया दुर्मीळ, १९३८ चा सहज मिळणारा. दोघांचं वजन, चांदी, मुखवटा सगळं सारखं. इंग्रजी आकड्यांत ८ चा ९ करायला खालच्या गोलाची डावी बाजू थोडी खरवडली की पुरतं. म्हणून १९३९ समोर आला की शेवटचा अंक आणि त्याच्या भोवतीची सपाट जागा भिंगाखाली धरावी. खरवडलेल्या जागी धातूचा पोत बदलतो, चकाकी तुटते, पृष्ठभाग किंचित खोल जातो. कुणी वेगळा ९ आणून चिकटवला असेल तर त्याच्या पायथ्याशी बारीक फट दिसते. आधीच्या ३ आणि ९ ची उंची आणि टोकं शेवटच्या ९ शी ताडून बघावीत. एकाच ठशातून आलेल्या नाण्यात पहिला ९ आणि शेवटचा ९ एका हाताचे वाटले पाहिजेत. शक्य असेल तर शंका नसलेल्या १९३९ च्या रुपयाचा मोठा फोटो शेजारी ठेवून तुलना करावी. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्मी झाली, त्यामुळे १९३९ चा रुपया जुन्या शुद्धतेचा शेवटचा. त्याच्या मागणीचं तेही एक कारण.

साल खरं आणि नाणंही टांकसाळीचं, तरी नाणं त्या सालचं नाही, असाही एक प्रकार आहे. मुंबईच्या टांकसाळीत जुने ठसे जपून ठेवलेले होते. त्यातून संग्राहकांसाठी जुन्या सालांची चकचकीत नाणी पुन्हा पाडून दिली जात. ही पद्धत १९७० पर्यंत चालली. अशा पुनर्मुद्रित नाण्याची झळाळी आरशासारखी असते आणि कडा तीक्ष्ण असतात. १८४० किंवा १८६२ चा असा रुपया दिसला तर आनंद जरूर व्हावा, पण ते नाणं विसाव्या शतकातलं असण्याची शक्यता आधी तपासावी. विक्रेत्यानेही तसं स्पष्ट सांगायला हवं.

गोठलेल्या सालाचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण मुंबईशीही जोडलेलं आहे. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा १७८० मध्ये वारली. तिच्या चांदीच्या थालेर नाण्यावर १७८० हे साल कायम राहिलं, कारण तांबडा समुद्र, अरबस्तान आणि इथिओपिया इथल्या व्यापाऱ्यांना तेच साल आणि तोच मुखवटा हवा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० आणि १९४१ मध्ये, ही नाणी मुंबईच्या टांकसाळीतही पडली. व्हिएन्ना, लंडन, पॅरिस, मुंबई, सगळीकडे एकच साल. म्हणून थालेरचे अभ्यासकही आपल्यासारखेच मोजत बसतात : सम्राज्ञीच्या पिनेतले मोती, गरुडाच्या शेपटीची पिसं.

आता सालावरूनच पकडल्या जाणाऱ्या एका फसवणुकीबद्दल. हनुमान, रामदरबार किंवा तशीच चित्रं असलेली, ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘हाफ आना’ किंवा ‘वन आना’ असं इंग्रजीत लिहिलेली आणि १८१८, १८३९ अशी सालं घातलेली तांब्या-पितळेची नाणी सर्वत्र दिसतात. काहींना चमत्कारी म्हणून लाखो रुपये मागितले जातात. ही कंपनीची नाणी नाहीत, अलीकडच्या मुद्रा आहेत. इंग्रजीत ‘हाफ आना’ लिहिलेलं कंपनीचं तांब्याचं नाणं १८३५ च्या व्यवस्थेतलं. त्यावर चिन्ह कंपनीचं असतं, रामदरबार नाही. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतः जाहीर केलं की जुन्या नाण्यानोटांच्या खरेदी-विक्रीत तिचं नाव वापरून शुल्क मागणाऱ्यांशी तिचा संबंध नाही. अशा मुद्रा कुणाच्या घरात श्रद्धेने ठेवलेल्या असतील तर ठेवाव्यात, पण त्यांच्यापायी पैसे गमावू नयेत.

घरातला रुपया तपासायच्या आधी तो घासू नका, ही माझी कळकळीची विनंती. चिंच, राख, रांगोळी, पितांबरी यांपैकी काहीही चालवलं की उठावाचा सगळ्यात वरचा थर जातो, आणि ठिपके व आद्याक्षरं त्याच थरात असतात. पूजेत नाणं चकचकीत दिसतं, पण अभ्यासाला त्याची अक्षरं हरवतात. कडेला धरून बघावं, मऊ कागदात गुंडाळावं, पाकिटावर नाण्यावरचं साल आणि दिसलेल्या खुणा दोन्ही लिहाव्यात. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या मुलाच्या बॅगेत आजीचा रुपया घालण्याआधी हे ध्यानात ठेवावं. त्याऐवजी दोन्ही बाजूंचा चांगला फोटो द्यावा.

ज्यांच्या घरात राणीछाप रुपया नाही त्यांच्या खिशातही सालाखालच्या खुणा आहेत. चालू नाण्याच्या सालाखाली चौकट असेल तर नाणं मुंबईचं, तारा असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. १९८५ च्या एक रुपयाच्या काही नाण्यांवर सालाखाली ‘एच’ आहे. तेव्हा नाण्यांची टंचाई पडली आणि काही नाणी परदेशात पाडून आणली गेली. ‘एच’ ही बर्मिंगहॅमची खूण. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अशीच नाणी मेक्सिको, मॉस्को आणि स्लोव्हाकियातूनही आली. त्यांच्यावर ‘एम’, ‘एमएमडी’ आणि ‘एमके’ अशा खुणा आहेत. ती नाणी अजूनही सुट्या पैशांत मिळतात. वाण्याकडून परत आलेली चिल्लर पाकिटात टाकण्याआधी उजेडात तिरकी धरली तर त्यातली एखादी सापडूही शकेल.